पानं उलटणारा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी शाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवतो, असं ती सगळ्यांना सांगते. मी वाचत नव्हतो. मी पानं उलटायचो.

ऑकलंडमधल्या एका प्राथमिक शाळेत फ्रेंच विभाग आहे. गणित, विज्ञान, सगळं फ्रेंचमधून. काही मुलं फ्रान्समधून आलेली, काही न्यू कॅलेडोनिया बेटावरून, काही इथलीच. त्यांच्या इंग्रजीसाठी एक मदतनीस असतो. तो मी. गावाकडे हायस्कूलला इंग्रजीच शिकवायचो. बायकोला इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, आम्ही ऑकलंडच्या अवोन्डेल भागात राहायला आलो, आणि मला हे काम मिळालं. मुलं मला 'मातुआ' म्हणतात. माओरीत वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं.

त्या दिवशी मुलं चटईवर गोळा झाली होती. मी खुर्चीत, मांडीवर चित्रांचं मोठं पुस्तक. तोंड उघडणार तोच वर्गशिक्षिका क्लेअर आली. माझ्याहून बरीच लहान. हातात छोटा स्पीकर. तो तिनं माझ्या पायाशी ठेवला.

"वाईट वाटून घेऊ नकोस हं. काही पालकांचं म्हणणं आलंय. मुलांच्या कानावर अस्सल इंग्रजी पडायला हवं. तू फक्त पानं उलट. आवाज यातून येईल. नाहीतर तुझं ऐकून त्यांना तीच सवय लागेल."

मुलांसमोर. हसून.

"स्वीट अ‍ॅज," मी म्हणालो. इथं असंच म्हणतात. काही हरकत नाही, सगळं छान.

स्पीकरमधून एक बाई वाचायला लागली. टिंग वाजलं की मी पान उलटायचं. टिंग. पान. टिंग. पान.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. पाचवीत. आम्ही बौद्धवाड्यातली पोरं मागं बसायचो. एकेकानं उभं राहून धडा वाचायचा. माझी पाळी आली की गुरुजी म्हणायचे, "तू नको. तुझं ऐकून बाकीच्यांना तीच सवय लागेल." मग मला नकाशा धरायला पुढं बोलवायचे. हात वर करून मी उभा. बाकीची पोरं येऊन त्यावर नद्या दाखवायची. कृष्णा, गोदावरी, तापी. मी म्हणजे नकाशाचा खिळा.

त्याच रागावर मी शिकलो. बी.ए., बी.एड., इंग्रजी घेऊन. आणि तेच वाक्य समुद्र ओलांडून माझ्यामागं आलं, तर मी काय केलं? टिंग. पान.

रविवारी अवोन्डेलच्या बाजारात आपली माणसं भेटायची. "काय फ्रेंच सर, बोंजूर!" कुणीतरी लांबूनच ओरडायचं. बायको फुशारून सांगायची, "अहो, यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय पोरांना गोष्ट आवडतच नाही." मी कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या करत राहायचो.

इथपर्यंत मी बिचारा. आता पुढचं.

नोएमी न्यू कॅलेडोनियाची. तिथल्या मूळच्या लोकांतली, काळीसावळी, केसांचा मोठा झुबका. आली तेव्हा इंग्रजीचा शब्द येत नव्हता. वर्गात मी मुका असलो तरी कोपऱ्यातल्या बीनबॅगवर तिच्याशी मलाच बोलायचं होतं. तिथं स्पीकर नव्हता. वर्षभरात ती घडाघडा बोलायला लागली. माझ्यासारखंच. तोच ठेका, तसेच हातवारे. डबा सांडला तर "बापरे!" म्हणायची, आणि क्लेअरला वाटायचं हा त्यांच्या बेटावरचा शब्द असेल.

वर्षअखेरीला हॉलमध्ये कार्यक्रम होता. नवे पालक येणार होते. माझ्या गटातल्या एका मुलानं इंग्रजीत गोष्ट वाचायची. कुणी, ते मी ठरवायचं. वाचन नोएमीचंच सगळ्यात चांगलं. तिनं पाठच केली होती गोष्ट.

तालमीला ती माइकसमोर उभी राहिली. वाचायला लागली. आणि त्या रिकाम्या हॉलभर माझा आवाज घुमला. तिच्या तोंडून माझा आवाज. पालकांना कळेल. हिला कुणी शिकवलं ते पहिल्याच ओळीत कळेल. आज पानं उलटू देतात, उद्या तेही बंद.

गटातला ह्यूगो स्पीकरमधल्या बाईसारखं वाचायचा. मी तिला बाजूला घेतलं.

"नोएमी, ह्यूगो वाचेल. तू पानं उलट."

"का, मातुआ?"

आणि मी म्हणालो. स्वतःच्या तोंडानं म्हणालो.

"तुझं ऐकून छोट्यांना तीच सवय लागेल."

ती रडली नाही.

"मग, तू उलटतोस तशी?"

"हो. तशीच."

कार्यक्रमाला तिचा बाप आला होता. शेवटच्या रांगेत, उभा. बांधकामावरून थेट आलेला, पँटला सिमेंट, पायात जँडल्स, इथल्या रबरी चपला. नोएमी स्टेजवर आल्याबरोबर त्यानं फोन वर धरला. ह्यूगो वाचत होता, ती पानं उलटत होती. बापाला वाटत असणार, आता तिची पाळी येईल. त्यानं हात खाली घेतलाच नाही. टाळ्या संपेपर्यंत तसाच वर. तो हात मी ओळखला. नकाशा धरला की असाच भरून यायचा.

बाहेर येऊन त्यानं माझा हात हातात घेतला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "घरी किती वाचते! इथं घाबरली. तरी तुम्ही तिला स्टेजवर घेतलंत. थँक यू, मातुआ."

नोएमी बापाच्या मागं उभी होती. मी काय बोलतो ते ऐकत.

"स्वीट अ‍ॅज," मी म्हणालो.

सुट्टी लागली. बापाला लांब पामर्स्टन नॉर्थ गावी काम मिळालं, ती लोकं गेली. वर्ष बदललं. वर्गात पुन्हा स्पीकर, पुन्हा टिंग.

एप्रिलमध्ये आमच्या लोकांनी हॉल घेऊन जयंती केली. मला बोलायला उभं केलं. शिक्षणानं माणसाला आवाज मिळतो, यावर मी बोललो. झकास बोललो. नकाशाची गोष्टही सांगितली. समोरच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. मी खाली बसलो तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या. बायको म्हणाली, "अहो, जेवत का नाही?" नकाशाची गोष्ट मी सांगितली होती. नोएमीची नाही. मी त्या हॉलमध्ये गुरुजींना शिव्या देत होतो, आणि गुरुजी माझ्याच अंगात माझाच कोट घालून उभे होते.

सोमवारी क्लेअरनं स्पीकर माझ्या पायाशी ठेवला. मी तो उचलून टेबलावर ठेवला. बंद करून.

"मी वाचतो."

"आपलं ठरलं होतं ना?"

"तुम्ही ठरवलं होतं. मी मान हलवली होती. आता हलवत नाही."

"पालकांना काय सांगू?"

"मला वाचू का देत नाही, ते कागदावर लिहून द्या. तोवर मी वाचणार."

मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. याच आवाजात. पुढच्या रांगेतला एक मुलगा हळूच म्हणाला, "मातुआ, तुला वाचता येतं?"

म्हणजे इतके दिवस त्या पोरांना वाटत होतं की मला वाचता येत नाही. खुर्चीत बसलेला म्हातारा, पानं उलटणारा. त्यांचं काय चुकलं?

लेखी काहीच आलं नाही. पुढच्या टर्मला माझे तास कमी झाले, आणि मधल्या सुट्टीत मैदान सांभाळायचं काम वाढलं. जे तास उरलेत, त्यात मी वाचतो. तेही काढले तर मैदानावर वाचीन. यात शौर्य काही नाही. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. केलं असतं तर नोएमीच्या हातात माइक असता.

स्पीकर मी एका झटक्यात बंद केला. ते सोपं होतं. क्लेअरसमोर मी अपमान झालेला माणूस होतो. पामर्स्टन नॉर्थला तसा नसेन. तिथं अपमान करणारा मी आहे. येत्या सुट्टीत मी जाणार आहे. हे लिहिलेलं आज बायकोला वाचून दाखवीन, मग निघेन. माफी मिळावी म्हणून जात नाही. नोएमीनं दार लावून घेतलं तर दाराबाहेरून सांगेन.

त्या बापाला अजून वाटतं की आपली पोरगी घाबरली. कदाचित तिलाही आता तसंच वाटायला लागलं असेल. मी तिला एक खरं वाक्य देणं लागतो. तिच्या बापासमोर, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं:

तुमची मुलगी घाबरली नव्हती. मी घाबरलो होतो. मी तिला गप्प केलं.