रंगाखालचं लोखंड

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी छावणीच्या बाजारात कोथिंबीर निवडत होतो. जुडी तशीच हातात धरून दवाखान्यात पोचलो. माझी ही चुलत बहीण जिवंत असती तर म्हणाली असती, “चटणी वाटतोस का इथं?”…

शेंद्र्याच्या एका कारखान्यात ती क्रेन तपासायची. लोखंडही थकतं, हे मला तिनंच सांगितलं. वजन पुन्हापुन्हा चढलं-उतरलं की कुठंतरी केसाएवढा तडा जातो आणि गुपचूप वाढत राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या जत्रा कमिटीनं तिला आकाशपाळणा तपासायला बोलावलं. मीही मागं मागं गेलो. पाळण्यात बसलं की मी डोळे मिटून दांडी धरून ठेवतो. त्यामुळं तिनं तो बंदच पाडावा, ही माझी इच्छा शास्त्राच्याही आधीची. बघतो तर सगळ्या जोडांवर ताज्या लाल रंगाचा जाड थर.

“हा रंग खरवडा,” ताई म्हणाली.

“कालच मारलाय, ताई. लई चकाचक झालंय,” पाळणेवाला म्हणाला.

“व्हय, पण मला आतलं वेल्डिंग बघायचंय. त्याबिगर मी सही करणार नाय.”

कमिटीनं दुसऱ्याच कुणाची तरी सही आणली. पाळणा फिरला, काही झालं नाही. आणि काही झालं नाही म्हणून ताई खोटी ठरली! लोक तिला ‘पनवती’ म्हणायचे. ती हसायची. मला नाही हसू यायचं.

ताई गेल्यावर घरी भेटायला आलेले कमिटीचे अध्यक्ष तर तिच्या हार घातलेल्या फोटोसमोर बसून म्हणाले, “बाई भली, पण भित्री. पाळणा अजून फिरतोय की!” माझं डोकंच सणकलं. अहो, तडा असेल तर तो प्रत्येक फेरीला थोडा पुढं सरकतो! कालपर्यंत पडला नाही, ही उद्याची हमी कशी? बघूच दिलं नाही, ते चांगलं कसं ठरलं? बायको बाही ओढत होती, आणि दहावीला विज्ञानात काठावर पास झालेला मी सुतकाच्या घरात ओरडत होतो.

मागच्या आठवड्यात जत्रा भरली. दाजींकडून ताईचा तारेचा ब्रश मागून घेतला आणि पाळणा सुरू व्हायच्या आत खालचा एक जोड घासायला लागलो. पाळणेवाला धावत आला.

“तुम्ही इंजिनियर हाय का?”

“नाय. सुमनताईचा भाऊ.”

रंगाचे पापुद्रे निघाले. खाली एक बारीक रेघ दिसली. तडा, की नुसता ओरखडा… ताईनं एका नजरेत सांगितलं असतं. मागं रांगेतली पोरं ओरडत होती, “काका, सरका की!” मला काहीच कळत नव्हतं. म्हणूनच ब्रश घट्ट धरून, पाळण्याला पाठ लावून, मी तिथंच उभा राहिलो.