मामांचं महत्त्वाचं काम

आमच्या घराण्यातला एकच माणूस टीव्हीवर झळकला, आणि तो मेलेला होता.

म्हणजे माणूस धडधाकट आहे. भूमिका प्रेताची होती! माझ्या नवऱ्याचे मामा, बदलापूर गावात राहतात. टीव्हीवर एकच चॅनेल दिसायचं त्या काळी ते अंबरनाथ एमआयडीसीत कामाला होते. तिथल्या गोदामात एका गाजलेल्या पोलिसी मालिकेचं शूटिंग आलं आणि प्रेताचं काम करणारा नटच आला नाही. मामा नाइट शिफ्ट संपवून बाकड्यावर आडवे झाले होते. दिग्दर्शक म्हणाला, "हाच पाहिजे!" (नाइट शिफ्ट करून झोपलेल्या माणसाला अभिनय करावा लागत नाही.)

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण मी तोंड उघडलं! माझ्या तन्वीसाठी उल्हासनगरचं स्थळ आलं होतं. आजवर प्रत्येक मुलाला नाक मुरडणारी ही पोरगी ह्याला भेटून आली आणि चक्क लाजली. अशात मुलाचे वडील फोनवर म्हणाले, "आपल्याला जुन्या मालिकांचं भारी वेड. कुणी कुठलं काम केलं, सगळं तोंडपाठ!" आणि नेमकं त्याच मालिकेचं नाव घेतलं.

"त्यात आमचे मामा होते!" मी बोलून गेले.

"काय सांगता! कुठलं काम?"

"महत्त्वाचं. त्यांच्यावाचून गोष्ट पुढेच सरकली नसती." (यात खोटं काय आहे?)

"मग रविवारी बैठकीला मामा पाहिजेतच!"

मी फोन ठेवला. नवरा शांतपणे म्हणाला, "आता काय सांगशील? आमच्याकडे मढ्याची परंपरा आहे?"

रविवारी मामा कडक इस्त्रीत हजर. मी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"मामा, त्या मालिकेबद्दल काही बोलायचं नाही."

"अगं, मी त्या मालिकेत तरी कुठे बोललो होतो?"

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी तन्वीकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट मामांना चिकटले. "कुठला भाग, मामा?"

"पोहे घ्या!" मी ओरडले.

"घेतले. कुठला भाग?"

"अजून घ्या!"

"गोदामातल्या खुनाचा," मामांनी घात केला.

पुढच्या मिनिटाला मुलाच्या वडिलांनी तो भाग फोनवरून आमच्याच टीव्हीवर लावला. इन्स्पेक्टरने चादर दूर केली. "हा बघा मी!" मामा टाळी वाजवून म्हणाले.

मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. "शुभ बोलणी करायला आलोय, आणि समोर मढं? उठा, निघू या." तन्वीने माझ्याकडे असं पाहिलं, की ती चादर मलाच ओढून घ्यावीशी वाटली. मी रिमोटवर झडप घातली.

"हात लावू नका!" मुलाचे वडील गरजले. पडद्यावर प्रेतावर पुन्हा चादर पडली होती, आणि पायाकडे ती किंचित हलली. "बघितलं? लग्न झाल्यापासून आमचं यावरनं भांडण आहे. मी म्हणतो, प्रेताने पाय खाजवला. ही म्हणते, पंख्याचा वारा! मामा, आता तुम्हीच सांगा. वारा की पाय?"

वारा म्हटलं तर सासरा दुखावणार, पाय म्हटलं तर सासू! मी मामांना डोळ्यांनी खुणा केल्या. मामांनी विचारलं, "तुझ्या डोळ्यात काही गेलंय का?" आणि म्हणाले, "पाय. डास चावला हो!"

मुलाच्या आईचा चेहरा उतरला. संपलं, मी मनात म्हटलं. एवढ्यात मुलाचे वडील तिच्याकडे वळले. "अगं, डास चावल्यावर खाजवतो तो मढं कसा? जिवंत माणूस आहे! अपशकुन कसला?"

मुलाच्या आईने टीव्हीजवळ जाऊन पायाकडची चादर निरखली. मग त्यांनी बशी उचलली. "तसं असेल तर बसू या. पण पुढच्या वेळी ओडोमॉस लावा, मामा."

साखरपुड्याला निम्मं उल्हासनगर मामांबरोबर सेल्फी काढत होतं. मी, मुलीची आई, भरजरी साडीत कोपऱ्यात उभी. व्याह्यांच्या शेजारणीने त्यांना विचारलं, "भाईसाब, ये कौन है?"

"अरे, पहचाना नहीं? ये डेड बॉडी की बहू है!"

मी पदर सावरून नमस्कार केला. दुसरी कुठली ओळख सांगणार? मी तर टीव्हीवर अजून मेलेसुद्धा नाही!