सोदामच्या आईचा डबा

मेंग सरांनी तो डबा परत पाठवला, तिथंच सगळा घोळ झाला. बरं, पाठवला तोही सोदामच्याच हाती आणि भर वर्गात. "आईला सांग, सर कुणाकडून काही घेत नाहीत," असं ठणकावून. त्याआधी दिवसभर तो डबा त्यांच्या टेबलाखाली, वर्गाच्या, थंडीसाठी खालून तापवलेल्या जमिनीवर पडून होता. मेंग सर समुद्रापासून लांब, डोंगरातल्या गावात वाढलेले. ताज्या किमचीत, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्यात, कालवं घातली की ती थंडीतच ठेवावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्यांना सवय नव्हती. शाळेच्या बसमध्ये डब्याचं झाकण उडालं. लाल पाणी सोदामच्या दप्तरावर, कोटावर, पुढच्या सीटवर. तिसरीतल्या पोरांनी नाकं दाबली. दुसऱ्या दिवशी सोदाम बसमध्ये चढली, तेव्हा पोरांनी पुन्हा नाकं दाबली. त्यानंतर ती चढलीच नाही.

मेंग संगहो माणूस वाईट नव्हता. हीच तर अडचण होती. वाईट माणसानं डबा ठेवून घेतला असता. सर लहान असताना त्यांची आई लाँड्रीत इस्त्री करायची. इतरांच्या आया बाईंकडे सफरचंदांच्या पेट्या घेऊन जायच्या आणि त्यांची पोरं शेगडीजवळ बसायची. छोट्या मेंगची जागा दाराशी, जिथं वारा आत येतो तिथं. तेव्हाच त्यानं ठरवलं, आपण मास्तर झालो तर कुणाचं सफरचंदसुद्धा घ्यायचं नाही. पुढं कायदाच आला. पालकांकडून मास्तरांनी कॉफीचा कॅनसुद्धा घ्यायचा नाही. शिक्षकखोलीत सगळे कुरकुरले, मेंग सरांचा चेहरा मात्र उजळला. एका शिक्षकदिनी पोरानं शर्टाला टाचलेलं कागदी फूल त्यांनी सोडवून परत केलं होतं. पोरगं रडलं, पण सरांचं मन हलकं झालं.

सोदामची आई कालवं फोडणारी. पहाटेपासून शेडमध्ये बसून आखूड सुरीनं शिंपले उघडायचे, हे तिचं काम. ती शिक्षकखोलीत आली ती रबरी बूट आणि ओला एप्रन तसाच अंगावर ठेवून. हातात तो डबा.

"बघून घ्या. धुतलाय. आत लाच शिल्लक नाही ना, वास घेऊन बघा."

"सोदामच्या आई, तो नियम आहे, मी..."

"नियम नंतर शिकवा. गावात किमची घातली की शेजारीपाजारी वाटतात. कुणी कधी शेजाऱ्याची किमची परत पाठवल्याचं ऐकलंय? भांडण असलं तरी माणूस डबा ठेवून घेतो आणि मग भांडतो!"

कॉम्प्युटरमागून उपमुख्याध्यापिका प्योबाईंनी मान वर काढली. "आई, जरा हळू बोला. शेजारी वर्ग चालू आहे."

"आई काय म्हणता मला? तुमच्याहून दहा वर्षांनी धाकटी आहे मी."

प्योबाईंची मान पुन्हा कॉम्प्युटरमागं गेली.

"पोरगी येणार नाही," सोदामची आई म्हणाली. "जिथं तिच्या आईच्या हातचा वास चालत नाही, तिथं तिचं काय काम? पलीकडच्या बंदरातल्या शाळेत घालते तिला. तिथले मास्तर निदान तोंडावर हसतात तरी."

डबा घेऊन ती निघून गेली. बुटांचे ओले ठसे दारापर्यंत उमटले होते.

मेंग सरांनी फोन केले, तिनं कापले. ते घरी गेले. दार उघडलं नाही, पण खिडकीच्या काचेमागं सोदाम उभी होती. तिनं हात हलवला नाही. नुसती बघत राहिली, दाराशी वाऱ्यात बसलेलं पोर जसं आतल्या शेगडीकडं बघतं तशी. त्या नजरेची सरांना जुनी ओळख होती. त्या रात्री काही त्यांना झोप लागली नाही.

शुक्रवारी ते शेडमध्ये गेले. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून संत्र्याच्या रसाचा खोका नेला. शिंपल्यांच्या ढिगाऱ्यांमागं बायका उकिडव्या बसल्या होत्या. सगळ्यांच्या सुऱ्या एकदम थांबल्या.

सोदामच्या आईनं खोक्याकडं पाहिलं. "परत न्या. मी मास्तर लोकांकडून काही घेत नाही."

शेड हसण्यानं दणाणली. एक म्हातारी म्हणाली, "वर्गासमोर परत कर गं, म्हणजे नीट समजेल!"

सरांचे कान लाल झाले. "चूक झाली माझी. काय करू सांगा. सोदामला शाळेत पाठवा."

"तुम्ही वर्गासमोर परत केलंत. आता वर्गासमोर घ्या."

"ते मला नियमानं करता येत नाही."

"मग दार तिकडं आहे."

ती पुन्हा शिंपले फोडू लागली. सर तिथंच उभे. तीन-चार शिंपले झाले, तशी ती मान वर न करता म्हणाली, "उद्या गावच्या सभागृहाच्या अंगणात म्हाताऱ्यांसाठी किमची घालायचीय. सगळं गाव असतं, पोरंही असतात. हात कमी आहेत. हात घेऊन या. तोंड घरी ठेवा."

शनिवारी सरांनी सकाळपासून मिठाच्या पाण्यातले कोबीचे गड्डे उपसले. बोटं बधीर झाली, पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

"अहो सर, कान धरून काय उचलताय त्याला? कोबी आहे तो, तिसरीतला पोरगा नाही!"

"राहू दे गं, शिकतायत. यंदा पास करू."

सोदामची आई मात्र त्यांच्याकडं पाठ करून मसाला कालवत होती. पोरं अंगणात धावत होती. सोदाम एका कडेला बसली होती आणि तिच्याभोवती बरीच जागा मोकळी होती.

दुपारी घास भरवायची वेळ झाली. मसाला लावलेलं कोबीचं पान, त्यात एक कच्चं कालव, गुंडाळून प्रत्येक राबणाऱ्याच्या तोंडात. हे काम पोरांचं. आईनं सोदामच्या हातात परात दिली. पोरांनी लगेच नाकं दाबली. सोदाम मान खाली घालून एकेकाला घास देत निघाली. मेंग सरांपाशी आली, थांबली, आणि त्यांना सोडून पुढच्या म्हाताऱ्याकडं गेली.

"सोदाम, माझा राहिला."

"तुम्ही कुणाकडून काही घेत नाही," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण अख्ख्या अंगणानं ऐकला.

सर चिखलात गुडघ्यावर बसले, तिच्या उंचीला आले. "सकाळपासून कोबी उपसतोय मी. राबणाऱ्याला मिळतो ना घास?"

सोदामनं आईकडं पाहिलं. आईनं मान ना हो म्हणून हलवली, ना नाही म्हणून. मग सोदामनं परातीतलं सगळ्यात मोठं कालव शोधलं, दोन पानांत गुंडाळलं आणि सरांच्या तोंडात कोंबलं. मेंग सरांनी जन्मात कच्चं कालव खाल्लं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते मिरचीचं होतं असं ते अजून सांगतात. कसाबसा घास उतरवून ते पोरांकडं वळले.

"त्या दिवशी डबा मी गरम जमिनीवर ठेवला होता. वास माझ्यामुळं आला. नाक दाबायचं असेल तर माझ्याकडं बघून दाबा."

एका आगाऊ पोरानं तेवढ्यात दाबलंही. दुसऱ्यानं ओठ पुढं काढले. "सोदाम, मला पण. कालव मोठं दे, सरांएवढं."

"रांग लाव," सोदाम म्हणाली.

संध्याकाळी राबणाऱ्यांना आपापला वाटा मिळाला. सोदामच्या आईनं सरांचा वाटा त्याच डब्यात भरून त्यांच्या छातीवर आदळला. "ही मजुरी आहे. आणि थंडीत ठेवा, कळलं का? मिटलं वगैरे समजू नका. तुमच्यावर माझा डोळा आहे."

सोमवारी सोदाम बसमध्ये चढली. सरांनी प्योबाईंना मजुरीचं सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "मजुरी? मेंग सर, शिक्षकाला जोडधंदा करता येत नाही."

किमची संपून आता बरेच दिवस झाले. डबा धुऊन सरांच्या खिडकीत पालथा आहे. या गावात डबा कुणी रिकामा परत करत नाही, आणि सरांना नूडल्सपलीकडं काही रांधता येत नाही. सकाळी शाळेच्या फाटकाशी पालक पाळीपाळीनं पोरांना रस्ता ओलांडून देतात; ती पाळी सोदामच्या आईची असली, की ती पोरांना सोडते आणि पिवळा झेंडा नेमका सरांपुढं आडवा धरते.

"डबा?"

"आणतो," सर म्हणतात.

"रिकामा आणलात तर बघा."