मामाच्या कमरेचं रिव्हॉल्वर

कमरेला रिव्हॉल्वर लावणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी घाबरट म्हणत नाही, वजनदार म्हणतात. माझ्या मामाचंच बघा. दिंडोरीकडे त्याची द्राक्षबाग. व्यापाऱ्यांशी वाद होतात म्हणून त्याने लायसन काढलं आणि मुठीत मावेल एवढं रिव्हॉल्वर घेतलं. शर्टाखाली लावलं की कुणाला कळत नाही, हे त्याचं कौतुक. आणि ते सांगायला आल्यागेल्या प्रत्येकासमोर शर्ट वर करायचा!

मी नाशिकला कॉलेज रोडवर पत्रकं वाटते. घरातल्या बंदुकीचा पहिला धोका घरच्यांनाच, असं त्यात छापलेलं असतं. मामा त्यावर हसतो.

गेल्या दसऱ्याला गेले तर त्याने रिव्हॉल्वरला लेझर बसवून घेतलं होतं. मूठ आवळली की समोर लाल ठिपका. ठिपका तिथं गोळी, नेम धरायची कटकटच नाही, म्हणाला.

पाटावर छाटणीच्या कात्र्या, कोयता आणि मधोमध झेंडूची माळ घातलेलं रिव्हॉल्वर. मामीने हळदकुंकू वाहिलं. पूजा झाल्यावर मामाने ते उचललं आणि ठिपका अंगणभर नाचवला. भिंतीवर, ट्रॅक्टरवर, आणि मग छाटणीला सुरगाण्याहून आलेली एक बाई प्रसादासाठी उभी होती, तिच्या पोलक्यावर.

तिला वाटलं किडा बसलाय. ती झटकायला लागली. ठिपका तिच्या बोटांवर चढला. ओट्यावरची माणसं खो खो हसली. मग तिने वर बघितलं, मामाच्या हातात काय आहे ते तिला दिसलं, आणि ती जागची हलेना.

मी मामाला ते खाली घ्या म्हटलं.

"रिकामं हाय गं. गोळ्या कपाटात. तुम्ही पत्रकवाले लय भेता."

"रिकामं आहे ना? मग मामीवर धरा."

हसणं बंद. मामाचा हात मामीकडे काही वळेना.

"नको? मग माझ्यावर धरा." मी त्या बाईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. ठिपका क्षणभर माझ्या कुर्त्यावर थरथरला आणि विझला. रिकाम्या रिव्हॉल्वरला एवढा घाबरलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"सणाच्या दिवशी चारचौघांत मामाची लाज काढतेस," तो म्हणाला. "उद्या तुझं लग्न ठरलं की मामा म्हणून तुझ्या पाठीशी मलाच उभं राहायचंय."

बाई प्रसाद न घेताच निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिची सगळी टोळी शेजारच्या बागेत छाटणीला लागली. मामाची बाग तशीच उभी. त्याने मला फोन केला: तुझ्यामुळं झालं, तूच जाऊन समजूत काढ.

मी म्हटलं, मी नाही, तुम्ही जा. कमरेचं ते घरी ठेवून जा आणि तिची माफी मागा. माझ्या लग्नालाही तसंच यायचं. नाहीतर माझ्या पाठीशी मामी उभी राहील.

त्याने फोन ठेवला. मामीचा होकार मी आधीच घेऊन ठेवला होता.