‘मरू दे’चा अर्थ लावणाऱ्या ताई

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. आरोग्यकेंद्राच्या पहिल्या मजल्यावर, इंजेक्शनच्या खोलीला लागून, ताई कानाला हेडफोन लावून भाजीवालीचा निरोप ऐकताहेत. "मेले गं बाई मी, चार जिने चढून!" ताई बटण दाबतात. लाल निरोप हिरवा होतो.

केंद्रात नाव नोंदवलेली माणसं आठवड्यातून एकदा फोनवर निरोप ठेवतात : कसं वाटतंय, झोप लागते का. संगणक तो लिहून काढतो आणि त्यात मरणाचा किंवा जिवाचा उल्लेख सापडला की लाल खूण करतो. लाल निरोप माणसाने ऐकायचा, असा नियम. तो माणूस म्हणजे ताई. याआधी बावीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देत होत्या.

अडचण एवढीच की आपण मराठी माणसं दिवसातून दहा वेळा मरतो. हसून मरतो, उकाड्याने मरतो, नको तो विषय "मरू दे" म्हणून झटकतो. पोरं आईचा जीव खातात. कुणाचा कुणावर जीव जडला तरी संगणक घाबरतो. पहिल्या आठवड्यात अर्धी वस्ती लाल झाली होती. ताईंच्या घरी तर हा खेळच झालाय. त्या "दमून मेले" म्हणाल्या की नवरा पेपरातून डोकं वर न काढता ओरडतो, "लाल!"

साडेआठला लाल निरोप संपतात. हिरवे ऐकायची सक्ती नाही. ताई यादीवरून नुसती नजर फिरवतात आणि टेलरकाकांच्या ओळीपाशी थांबतात. निरोपाचा वेळ : अकरा सेकंद.

टेलरकाका कायम चार मिनिटांची मर्यादा गाठतात आणि गिऱ्हाइकाला शिव्या देता देता मध्येच कापले जातात. आज ते म्हणतात, "मी मजेत आहे. सगळं आवरून झालंय. आता कुणाला त्रास नाही." मजेत आहे, त्रास नाही. संगणक खूश.

ताई फोन लावतात.

"काका, आज भांडायचं नाही वाटतं? गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघा मरू दे."

"आणि मशीन?"

"भाच्याला देऊन टाकली. आता शिवायचंय कुणासाठी?"

ताई आवाज बदलत नाहीत. "काका, सरळ विचारते. जीव द्यायचं मनात येतंय का?"

"येतंय. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. फोन ठेवू नका." ताई दुसऱ्या हाताने चिठ्ठी लिहून शेजारच्या टेबलावरच्या समुपदेशकांपुढे सरकवतात. ते स्कूटरची किल्ली घेऊन जिना उतरतात. पोचायला वीस मिनिटं. तेवढा वेळ काकांना बोलतं ठेवायचं.

"तुम्ही आमच्या ह्यांची पँट आखूड शिवली होती, आठवतंय?"

"आखूड?" काकांचा आवाज चढतो. "मापाची वही दाखवू? त्यांचं पोट सुटलं, पँट वर गेली! पोट काय मी शिवलं?"

"शिलाईपण उसवली."

"बसताना धप्पकन बसतात ते. मी पाहिलंय!"

भांडण बावीस मिनिटं चालतं. मग काकांच्या दाराची बेल वाजते आणि फोनवर समुपदेशकांचा आवाज येतो, "ताई, मी आहे आता इथे." ताई हेडफोन काढतात. कान लाल झालेला असतो.

दुपारी संगणकाचं काम बघणारा इंजिनीअर वही उघडून बसतो. "ताई, नियम काय लिहू?"

"लिहा, कुरकुर आटली की लाल."

"कुरकुर मोजायची कशी?"

"मिनिटांत. नेहमी चार मिनिटं बडबडणारा अकरा सेकंदांत मजेत आहे म्हणाला, तर तो मजेत नाही."

इंजिनीअर लिहून घेतो.

काका आज भाच्याकडे राहणार आहेत. उद्या सकाळी दहा वाजता केंद्रातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे पहिला नंबर त्यांचा आहे. सोबत भाचा येणार आहे.