माळ्याखालचा टेकू

दत्ता परब गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. आमची मालवाहू विमानांची कंपनी बंद पडून वर्षं झाली, पण जुन्या लोकांचा ग्रुप अजून चालू आहे. सकाळी फुलं, संध्याकाळी विनोद. त्यात दत्ताचा फोटो आला आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मीही जोडले. मग एकट्यापुरता चहा गाळला आणि तो तसाच गार झाला… दादरहून काळाचौकी ती केवढी लांब! पण गेली कित्येक वर्षं मी त्याच्याकडे फिरकलो नव्हतो. लाज वाटायची, दुसरं काही नाही.

कंपनी म्हणजे काय, पंख्यांची दोन छोटी विमानं आणि आम्ही मूठभर माणसं. औषधं, कुरियरची पोती, मासळीचे खोके, जे मिळेल ते न्यायचं. दत्ता माल भरून घेणारा सुपरवायझर आणि मी त्याच्या हाताखाली. कुठला खोका विमानात पुढे जाईल, कुठला मागे, हे तो नुसतं बघून सांगायचा. असलं छोटं विमान मागून जड झालं की शेपटीवर बसतं, म्हणून मालाला हात लावण्याआधी शेपटीखाली लोखंडी टेकू लावायचा असतो. "आधी टेकू, मग माल," हा त्याचा जप. नवख्यांना ओरडायचा, "मेल्यांनो, चार पायांची म्हैस वाटली काय ही?"

एका सकाळी टेकू लावायचं काम माझं होतं आणि मी बाजूला उभा राहून फोनवर बायकोशी भांडत होतो. पुढचा माल आधी उतरला, मागचा तसाच राहिला. विमानाने सावकाश नाक वर केलं आणि धप्पकन शेपटीवर बसलं. कुणाला लागलं नाही, नशीब! पण शेपटी चेपली, विमान अडकलं, चौकशी लागली. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. साहेबांनी विचारलं, तेव्हा माझ्याआधी दत्ताच बोलला, "टेकू माझ्याकडून राहिला." बाहेर आल्यावर मी तोंड उघडलं, तर म्हणाला, "तू गप रव. ते काय माका खातले?"

खाल्लं नाही कुणी. विमानतळावरून उचलून परळच्या बुकिंग ऑफिसात बसवलं, पावत्या फाडायला. विमानाजवळ तो परत कधी आला नाही. त्याच्या जागी गेलो मी! आणि गप राहिलो, अगदी कंपनीला कुलूप लागेपर्यंत.

तेरावं झाल्यावर मात्र राहवेना, म्हणून गेलो. खोली तीच. फक्त वाकलेल्या माळ्याखाली आमचा तो टेकू उभा होता. कंपनीचं सामान भंगारात गेलं, तेव्हा दत्ताने तो घरी आणला होता. वहिनींनी चहा दिला आणि टेकूकडे बघून म्हणाल्या, "हा दांडा दिसला ना भावोजी, की माझं डोकं फिरायचं. एवढं साधं काम विसरलात आणि विमानावरून उतरलात, असं रोज ऐकवायचे मी. पाहुण्यांसमोरसुद्धा. हे नुसते हसायचे."

मला वाटलं होतं, निदान बायकोला तरी खरं सांगितलं असेल…

मग मी सांगून टाकलं. फोन, भांडण, साहेबांची केबिन, सगळं. वहिनी शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मग मी एवढं बोलले त्यांना… ते आता कुणाला सांगू?"

मेला मी, मोकळा व्हायला म्हणून गेलो होतो आणि त्या बाईच्या गळ्यात हे बांधून बसलो. वहिनी उठल्या. टेकूच्या आडव्या खुंटीवर दत्ताचा पंचा अजून तसाच वाळत टाकलेला होता. तो त्यांनी काढला, घडी घातली, थोडा वेळ हातात धरला आणि परत उलगडून होता तसा टाकला.