खिडकीसाहेबांची मागची खोली

"उघडा! आधी ती खिडकी उघडा! मग चहाचं बघू!"

जानेवारीची सकाळ. बाहेर धुकं असं की हात लांब केला तर तो परत येईल याची खात्री नाही. आत हीटर, हीटरला चिकटून मी, माझ्याभोवती रजई, आणि आमच्या बैठकीच्या मधोमध माकडटोपी घातलेले एक गृहस्थ लखनौचं अख्खं जानकीपुरम उठवतील अशा आवाजात ओरडत होते. माझी बायको वंदना चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजली. कपातला चहा त्या आवाजानं हिंदकळून बशीत सांडला, असं ती अजून सांगते. मी त्याच्या पुढचं सांगतो. त्या दिवशी चिनहटच्या कारखान्यांचे भोंगे वाजलेच नाहीत, माणसं याच आवाजावर कामाला गेली.

"काका, बाहेर गोठून मरायची वेळ आहे," मी रजईतून म्हणालो.

"थंडीनं सर्दी होते, इंजिनिअर. सर्दी बरी होते." एवढं म्हणून त्यांनी स्वतःच खिडकीची कडी काढली, धुक्याचा एक लोट आत घेतला आणि पाहुणा आल्यासारखे त्याच्याकडे बघून हसले. "आता आणा चहा, सूनबाई."

हे आमचे शेजारी, खिडकीसाहेब. दारावर पितळेच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण गल्लीत कुणाला विचाराल तर "वो खिड़की साहब? पीपल के आगे, जहाँ चिल्लाने की आवाज़ आए," असा पत्ता मिळायचा. मूळचे अकोल्याचे. एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून उभी हयात लखनौत काढली, निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात तसे हे रेडॉनला लागले.

रेडॉन म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं आहे की झोपेत उठवलंत तरी सांगेन. जमिनीत, दगडामातीत युरेनियम असतं, कणभर, पण सगळीकडे. त्यातून हा वायू निघतो, फरशीच्या फटींतून घरात शिरतो आणि कोंदट खोलीत साठतो. वर्षानुवर्षं श्वासातून गेला की फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. काका म्हणायचे, "भाडेकरू आहे तो, बाप्पा! खालून येतो, भाडं देत नाही, आवाज करत नाही, वास येत नाही. घरात आहे हे मालकालाच माहीत नाही. आणि काढायचा म्हटलं तर पोलीस लागत नाही, कोर्ट लागत नाही. खिडकी लागते!" मग टाळी वाजवून ते समोरच्याच्या खिडकीकडे असे बघत की तो बिचारा उठून ती उघडायचाच.

त्यांच्या पिशवीत कायम प्लॅस्टिकच्या डब्या असत. औषधाची असावी तेवढी एक डबी, तिच्यात फिल्मचा एक बारका तुकडा. ती छतापासून थोडी खाली दोरीनं टांगायची आणि तीन महिने विसरायची. रेडॉन असेल तर त्याचे कण त्या फिल्मवर अदृश्य ओरखडे काढतात. मग काका ती आपल्या जुन्या प्रयोगशाळेत नेत, कॉस्टिक सोड्यात घालून ओरखडे मोठे करत आणि मायक्रोस्कोपखाली मोजत बसत. जितके ओरखडे जास्त, तितका भाडेकरू जुना आणि मुजोर.

आता, डबी टांगून विसरायची, हे लखनौच्या माणसाला जमण्यातलं आहे का? समोरच्या मिश्राइनबाईंनी तिच्याखाली लिंबू-मिरची बांधली. कोपऱ्यावरच्या वकिलांनी चोरीला जाईल म्हणून ती कपाटात, दागिन्यांशेजारी ठेवली. तीन महिन्यांनी काकांनी मोजून सांगितलं, "वकीलसाहब, आपके कंगन को कोई ख़तरा नहीं है।" एका घरात तर डबी पंख्याला टांगली होती. ती एवढी फिरली की ओरखडे मोजताना काकांनाच चक्कर आली, असं मी सर्वांना सांगतो आणि सर्वजण विश्वास ठेवतात.

पण खरा घोटाळा वेगळाच झाला. मोहल्ल्यानं ठरवूनच टाकलं की डबी वायू शोषून घेते. थर्मामीटर काखेत धरला की ताप उतरतो, असं मानावं तसं. मिश्राइनबाई येऊन म्हणाल्या, "भाई साहब, एक डिबिया और दे दीजिए, ससुर जी के कमरे के लिए। जब से लगी है, घर कितना हल्का-हल्का लगता है!" आणि डबी लागली तशी सर्वांनी उरल्यासुरल्या फटीही कापडानं बुजवल्या. आता कशाला खिडकी? डिबिया आहे ना! काका प्रत्येक दारात उभे राहून ओरडत, "अरे, वो नापती है! सिर्फ़ नापती है! करती कुछ नहीं!" लोक मान डोलावत, त्यांना तिळाची गजक खायला घालत आणि ते गेले की खिडकी लावत.

लोकांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. आमच्याकडची माकडं तुम्ही पाहिलेली नाहीत. खिडकी उघडी राहिली की ती नुसती आत येत नाहीत, सहकुटुंब येतात, फ्रिज उघडतात आणि आवडीचं नसेल तर चेहऱ्यावर तसं दाखवतात. माझा मरून रंगाचा स्वेटर घातलेलं एक माकड मी पाण्याच्या टाकीवर पाहिलं आहे. मला घट्ट व्हायचा, त्याला बेतून शिवल्यासारखा बसला होता.

बहुतेक घरं निर्दोष निघाली. निकाल सांगताना काका रस्त्यातूनच ओरडायचे, "इंजिनिअर, तुझं घर साफ! पण खिडकी उघडी ठेव!" सगळ्या गल्लीला डब्या टांगून झाल्या आणि एक उरली. ती काकूंनी चहा गाळता गाळता उचलून म्हटलं, "ही आपल्याकडेच लावा ना. उगीच वाया जायची."

आपल्या घरात त्यांनी तोवर डबी लावलीच नव्हती. ते घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. त्यातली मागची खोली हा त्यांचा अभिमान. जुन्या लखनौच्या चौक भागातल्या हवेल्यांचे तहखाने, म्हणजे तळघरं, उन्हाळ्यात कसे गार असतात, ते पाहून त्यांनी त्या खोलीची जमीन मुद्दाम खाली घेतली होती. दोन-तीन पायऱ्या उतरायच्या, की मे महिन्यातसुद्धा माठात बसल्यासारखं वाटायचं. काकूंचं देवघर तिथंच, पलंगही तिथंच. पुढच्या खोलीत काका घोरायचे. आवाजाचा माणूस तो, झोपेतही आवाज सोडत नसे. "तिकडं झोपायचं म्हणजे मालगाडीच्या डब्यात झोपणं आहे," काकू म्हणायच्या, आणि मी रेल्वेतला इंजिनिअर म्हणून माझ्याकडं बघून हसायच्या.

त्या खोलीला एक खिडकी होती. पण एकदा माकडानं तिच्यातून हात घालून काकूंचा बाळकृष्ण नेला. माहेरून आणलेला, पितळेचा, रांगता. काकू अंगणात उभ्या राहून रडल्या, मी केळ्यांचे घड घेऊन छपराछपरांवरून माकडांशी तहाची बोलणी करत फिरलो, काका खालून ओरडत होते. माकडानं केळी घेतली, देव दिला नाही. त्या संध्याकाळी काकूंनी सुताराला बोलावून खिडकी खिळे मारून बंद केली. तेव्हापासून ती बंद होती.

तीन महिन्यांनी काका डबी घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि परत आले ते ओरडत आले नाहीत. गल्लीतली कुत्रीसुद्धा चक्रावून उठून बसली. माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ओरखडे मोजताच येऊन नाही राहिले रे. एकावर एक आहेत. अमीनाबादच्या बाजारातली गर्दी."

"चूक झाली असेल, काका."

"मलाही तसंच वाटलं." मग त्यांनी दुसरी डबी लावली, पुन्हा थांबले. दुसरीचंही तेच. खाली घेतलेली जमीन, फुटलेली फरशी, बंद खिडकी. भाडेकरूला आणखी काय हवं?

त्यानंतर त्या घरात जे युद्ध झालं, त्याच्या बातम्या आम्हाला भिंतीपलीकडून विनामूल्य मिळत.

"उघड म्हणतो ना मी!"

"माझा बाळकृष्ण आणून द्या. मग उघडते."

"अगं, तुझ्या छातीत जाऊन राहिलंय ते!"

"मला तर काही वास येत नाही बाई."

काकांचा एवढा मोठा आवाज, पण वास नसलेल्या गोष्टीचा वास तो कुठून आणणार? त्यांनी खिळे उपसून जाळी बसवली, माकडांनी ती पहिल्याच आठवड्यात लोकरीसारखी उसवली आणि काकूंनी खिडकी पुन्हा खिळवून घेतली. हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, तर निरांजन विझतं म्हणून काकू तो बंद करत. पुढच्या खोलीत पलंग हलवला. काकूंनी काही रात्री काढल्या आणि सकाळी लाल डोळ्यांनी उशी उचलून परत मागे गेल्या. काका स्वतः मागे जाऊन झोपले तर देवघर त्यांच्या घोरण्यानं थरथरलं. माझ्याकडे येऊन म्हणायचे, "साऱ्या मोहल्ल्याच्या खिडक्या उघडल्या मी, इंजिनिअर. देवानं या भाडेकरूला नुसता वास दिला असता ना, सडक्या अंड्याचा का होईना, तर माझी बायको एका दिवसात बाहेर आली असती."

पुढच्या हिवाळ्यात काकूंना खोकला धरला. आधी सगळ्यांनी धुक्यावर ढकललं, मग धुळीवर. मग एक्स-रे झाला, आणि एक्स-रेनंतर बाकीचं सगळं झालं. दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर होतो. काका डॉक्टरांसमोर बसले होते, माकडटोपी हातात चुरगाळत. डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाचे.

"डॉक्टर साहब, घर में रेडॉन है। मैंने ख़ुद नापा है। क्या उसी से हुआ?"

"हो सकता है, अंकल। नहीं भी हो सकता। धूल है, धुआँ है, पता नहीं क्या-क्या है। एक मरीज़ में कौन बता सकता है?"

"कोई जाँच होगी।"

"ऐसी कोई जाँच नहीं है।"

मी काकांना दंडाला धरून उठवलं. पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाले, "ती जमीन मीच खाली घेतली ना रे."

घरी आल्यावर काकूंनी स्वतःच सांगितलं, "उघडा हो ती खिडकी. तुमचं समाधान होऊ दे." सुतार आला, चांगली लोखंडाची जाळी बसली, माकडांच्या सात पिढ्यांना न उसवणारी. खिडकी उघडली, त्या धुक्यात, आणि काकू थंडीनं खोकायला लागल्या. काकांनी लावली. मग त्यांना वाटलं आत साठतंय, म्हणून उघडली. मग लावली. मी दारात उभा होतो. त्या माणसाच्या हाताला आता उघडावं की लावावं हेच कळत नव्हतं. शेवटी काकू म्हणाल्या, "बसा बघू जरा. माझ्याजवळ बसा." तेव्हा ते बसले.

होळीच्या आधी काकू गेल्या. मुलगी पुण्याहून आली, "बाबा, चलिए मेरे साथ," म्हणाली. तिचं मराठी लखनौच्या शाळेतच राहून गेलं होतं. काका हो म्हणाले. असा न ओरडता दिलेला होकार मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. डब्यांची पिशवी त्यांनी कुणाला दिली नाही, मागितलीही नाही कुणी. मिश्राइनबाईंच्या घरी मात्र एक डबी अजून टांगलेली आहे, लिंबू-मिरचीसकट, आणि सासरे ठणठणीत आहेत. श्रेय डबीला जातं.

जायच्या दिवशी मी सामान उचलायला गेलो. काका मागच्या खोलीत रिकाम्या पलंगाच्या कडेला बसले होते. देवघर गुंडाळून झालं होतं. खिडकी सताड उघडी, अवेळी आलेला गार वारा आत भणाणत होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी सवयीनं विचारलं.

"काका, ही उघडीच ठेवायची ना?"

"लाव," ते म्हणाले. "इथं आता कोणी झोपत नाही."